अकराव्या मिनिटाचा काळोख

प्रोजेक्शनचं काम करताना पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे जास्त लक्ष असतं. लोक चुळबुळ करायला लागले की समजायचं, आवाज नाहीतर सबटायटल कुठेतरी अडलंय. फिनलंडमध्ये ही युक्ती चालत नाही. इथले प्रेक्षक चुळबुळच करत नाहीत.

इथल्या ताम्पेरे शहरात १९७० पासून दर मार्चमध्ये लघुपट महोत्सव भरतो. त्या दुपारी नव्या फिनिश लघुपटांचा खेळ होता. सूत्र एकच, माणसाचा स्वभाव. असे खेळ आम्हाला मोठ्या सिनेमापेक्षा जास्त दमवतात. एका फिल्ममधलं बोलणं पुटपुटल्यासारखं, दुसरीत यंत्रांची घरघर. एकीची चौकट उंचीच्या १.८५ पट रुंद, पुढचीची २.३९ पट. सकाळी रिकाम्या सभागृहात प्रत्येकीचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा लावून आवाजाचा आकडा टिपायचा. सगळं बघायला वेळ कुठला!

माणूस किती हावरट, हे निवेदकाकडून ऐकवणारी एक फिल्म मला अगदीच पोकळ वाटली. चौथी मात्र वेगळी होती. वडील गेल्यावर दोन भाऊ तळ्याकाठचं घर विकायला जमलेत. सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, तापवतात, आत बसतात, बोलत काहीच नाहीत. मग धाकटा विचारतो, "शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं का?"

आणि पडदा काळा. आवाजही नाही.

फिल्म चालवणाऱ्या सर्व्हरवर वेळ पुढे सरकत होती, प्रोजेक्टरचा दिवा चालू होता. आपल्याकडे एव्हाना शिट्ट्या सुरू झाल्या असत्या. इथे भरलेलं सभागृह ढिम्म. वॉकीटॉकीवर दारावरची मुलगी विचारतेय, "बिघाड आहे का?" गंमत म्हणजे हे सभागृह फिन्लेसन कापड गिरणीच्या जुन्या आवारात आहे, जिथे १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. आणि मी तिथे काळोख निरखत बसलेलो.

प्रोजेक्टरच्या पंख्याच्या आवाजात काही कळेना, म्हणून खोलीतून निघून शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. तिथे ऐकू आलं: तापल्या दगडांवर पाणी पडल्याची चुर्र, कुणाचा तरी श्वास. बराच वेळ तेवढंच. मग थोरल्याचा आवाज, "हो. घेतलं." खरं की खोटं, त्या आवाजावरून अजिबात ठरवता येईना.

नंतरच्या चर्चेत नेहमीप्रमाणे कुणी हात वर करेना. शेवटी एका आजींनी विचारलं, थोरला खोटं बोलला का? दिग्दर्शिका म्हणाली, दोन्ही नटांना मी वेगवेगळं उत्तर सांगून ठेवलं होतं. त्यावर सभागृहात पहिल्यांदा हशा पिकला. सभागृहात गप्प बसलेली हीच माणसं बाहेर कोट घेण्याच्या रांगेत एकमेकांशी वाद घालत होती. एक गृहस्थ तर बायकोला ठणकावून सांगत होता की खोटंच, मी असतो तर मीही तेच केलं असतं.

संध्याकाळच्या खेळाला दुसरा सहकारी होता. त्याच्यासाठी कागदावर लिहून ठेवलं: चौथी फिल्म, अकराव्या मिनिटाला पडदा काळा, बिघाड नाही. आवाज थोडा वाढव.