'हे तर आपलंच!'

रविवार, रात्र

वहिनींनी काल ग्रुपवर कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या ताशाचा व्हिडिओ टाकला. खाली काकांनी लिहिलं, 'अरे, हे तर आपलंच!' मग अंगठे, टाळ्या, भगवे झेंडे. एवढंच झालं. तरी आज लंडनमध्ये नॉटिंग हिलच्या कॅरिबियन कार्निव्हलला दिवसभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

पहिला वैताग हा की काकांना चूक म्हणायची सोय नाही. ताशा तिकडे हिंदुस्थानातूनच गेला. त्यांच्या संचात दोन ताशे असतात. 'फुलर' ठेका धरून बसतो आणि 'कटर' त्यावर तुकडे टाकतो. सोबत एक मोठा ढोल आणि पितळी झांज. जुन्या पद्धतीचा ताशा म्हणजे मातीचं भांडं आणि वर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी तो जाळावर शेकतात, आपल्याकडे हलगी शेकतात तसाच. शेकला नाही तर आवाज भदभद येतो, जास्त शेकला तर कातडं फाटतं, आणि हवा दमट असली की थोड्या वेळाने पुन्हा जाळाकडे धाव. म्हणून आता बरेच जण धातूचं भांडं, नटबोल्ट आणि प्लास्टिकचं पान वापरतात. तिथले जुने वादक त्यावर नाक मुरडतात. पुण्यात फायबरचं पान आलं तेव्हाची कुरकुर आठवली. म्हणजे कुरकुरसुद्धा आपलीच.

मग खुपतंय काय?

'आपलं' म्हणजे नक्की कुणाचं, हे बहुतेक. 'फातेल रझाक' हे पहिलं जहाज 30 मे 1845 रोजी त्रिनिदादला लागलं. 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर गेली. जहाजं सुटली ती कोलकात्याहून आणि काही मद्रासहून. माणसं मुख्यतः भोजपुरी मुलखातली. आमच्या आजोळच्या गावातून कुणी गेलं नाही, काकांच्या तर नाहीच. ती माणसं जहाजावर चढली तेव्हा त्यांना 'आपलं' म्हणायला धक्क्यावर कोण उभं होतं? आणि आज व्हिडिओ चांगला निघाला म्हणून…

असो. हे फार कडू झालं.

पण थोडं कडू असायलाच हवं. तिकडे ताशा मुख्यतः वाढला तो मोहरमच्या मिरवणुकीत, जिला तिथे होसे म्हणतात. मिरवणूक शहरात यायला सरकारने आधीच बंदी केली होती, आणि 30 ऑक्टोबर 1884 ला सॅन फर्नांडो शहराकडे येणाऱ्या मजुरांवर गोळ्या झाडल्या. त्यात हिंदू मजूरही चालत होते. आमच्या पुण्यातही 1893-94 पर्यंत हिंदू मंडळी ताबुतांपुढे वाजवत होतीच, पुढे गणपती सार्वजनिक झाले आणि ते थांबलं. हे ग्रुपवर लिहिलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, म्हणून इथे लिहितेय.

त्याच दशकात आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोलही कायद्याने बंद झाले. 1881 ची कॅनबुलेची, म्हणजे कार्निव्हलमधल्या मशालींच्या मिरवणुकीची दंगल हे त्याचं निमित्त. मग त्यांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ठेका धरला, 1930 च्या दशकात बिस्किटांचे डबे आणि गाड्यांचे लोखंडी भाग आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाचं पिंप. आज रस्त्यावर जो स्टीलपॅन ऐकला तो हा.

त्याच्यावर मात्र कुणी 'आपलं' म्हणून हात ठेवू शकत नाही. 55 गॅलनचं, म्हणजे सुमारे 208 लिटरचं पिंप उलटं करायचं आणि तळावर घणाने काठाकडून मध्याकडे गोलगोल ठोकत जायचं. टेनर, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरांच्या पॅनला हा खळगा साधारण 20 सेंटिमीटर खोल जातो. पत्रा ताणत मध्यभागी पातळ होतो, त्यामुळे एका जागी घाई झाली की तो फाटलाच. मग स्वरांच्या जागा आखायच्या आणि बोथट पोगराने त्यांच्या कडेने खाच मारायची. पोगर धारदार असला तर खाचेऐवजी भोक पडतं आणि पिंप भंगारात जातं. बाजूचा पत्रा सुमारे 15 सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापायचा, पॅन जाळावर तापवायचा, आणि मग खरं काम, म्हणजे सूर लावणं. छोट्या हातोडीने खालून फुगवायचं, वरून दाबायचं. नुसता मूळ स्वर जुळून भागत नाही. त्याचा वरचा षड्ज आणि त्याच्याही वरचा पंचम त्याच तुकड्यात जुळावे लागतात, नाहीतर पॅन पत्र्यासारखा वाजतो. स्वरांची मांडणी षड्ज-पंचम भावाची, शेजारच्या दोन घरांत पंचमाचं अंतर, म्हणून शेजारी थरथरला तरी बेसूर होत नाही. काड्यांच्या टोकाला रबर. पॅन कडक उन्हात ठेवला की सूर उतरतो, म्हणून गाडीवर छप्पर हवंच. बेसचा एक वादक सहा किंवा नऊ अख्खी पिंपं सांभाळतो, तेव्हा गाडीची लांबी आधी मोजलेली बरी.

हे सगळं इतक्या तपशिलाने का लिहितेय? कारण इथे 'आपलं' म्हणायला हातावर घट्टे असावे लागतात असं वाटलं. पण मग मीसुद्धा ताशा कधी शेकलेला नाही. मराठी म्हणून जन्मले एवढ्यावर ढोल माझा कसा? हा प्रश्न मला आवडत नाही.

नॉटिंग हिलचंही तसंच. 1958 मध्ये तिथे गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून त्रिनिदादमध्ये जन्मलेली पत्रकार आणि कार्यकर्ती क्लॉडिया जोन्स हिने 30 जानेवारी 1959 ला सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये, थंडी म्हणून छताखाली, कार्निव्हल भरवला. रस्त्यावर तो आला 1966 मध्ये, राउन लॅझलेट या स्थानिक समाजसेविकेने वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी भरवलेल्या जत्रेतून. रसेल हेंडरसन आणि साथीदार पॅन गळ्यात अडकवून वाजवत चालू लागले आणि पोरं मागे निघाली. म्हणजे आताच्या दोन दिवसांतला रविवारचा कुटुंबांचा दिवस हा सोमवारच्या धांगडधिंग्याला लावलेलं ठिगळ नव्हे. मूळ कार्यक्रम मुलांचाच होता.

आणि इथे माझी स्वतःचीच कीव आली. लंडनमधलं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, कार्निव्हलच्या कितीतरी आधीचं. आमचा गणपती मात्र भाड्याच्या हॉलमध्ये. सात वाजता चावी परत. ढोल दोनच, तेही खिडक्या लावून. 2025 मध्ये कार्निव्हल 24-25 ऑगस्टला होता आणि गणेश चतुर्थी 27 ला. एकाच आठवड्यात त्यांना साडेतीन मैलांचा रस्ता आणि आम्हाला आग विझवण्याच्या दाराजवळ सतरंजी घालू नये अशी सूचना. मुलांना विसर्जन म्हणजे बादली एवढंच ठाऊक. आईला याबद्दल काही सांगत नाही.

काकांचं वाक्य कदाचित याच भुकेतून आलेलं असेल. आपलं काहीतरी रस्त्यावर, मोठ्या आवाजात दिसावं, कुठेही का असेना.

तर रस्ता. तो फुकट मिळत नाही हे मुलांच्या पोशाखांकडे पाहिलं की कळतं. मास कॅम्पमध्ये, म्हणजे पोशाख बनवण्याच्या कार्यशाळेत, महिनोन्महिने आधी कामाला लागतात. पंखांचा सांगाडा पूर्वी तारेचा असे, आता फायबरग्लासच्या काड्यांचा. मुलासाठी 4 मिलिमीटरच्या पुरतात. जोडाला प्लास्टिकची नळी आणि वर चिकटपट्टी. वजन डोक्यावर नको, ते पाठीवरच्या पट्ट्यांनी खांद्यावर आणि कमरेवर यावं. सात-आठ वर्षांच्या पोराला किलोच्या आतच. पंखाला अखंड कापड लावलं की वाऱ्याने त्याचं शीड होतं आणि पोर उलट दिशेला चालू लागतं, म्हणून जाळी. पिसं एकेक गरम डिंकाने चिकटवली की चकचकीत कागदावरून ती उन्हात सुटतात. आधी फितीवर शिवायची, मग फीत जोडायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंख एका झटक्यात निघायला हवेत. वेल्क्रो लावा. संडासाच्या रांगेत गाठी सोडत बसणारी आई दर वर्षी दिसते.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. रविवारी पहाटे सहाला जुव्हे, म्हणजे कार्निव्हलची पहाटेची सलामी, सुरू होतो, त्यात रंग आणि वितळलेलं चॉकलेट अंगावर उडतं, तेव्हा जुने कपडे नसतील तर दहानंतर जावं. लहानग्यांना कानावर लावायचे ते मोठे संरक्षक हवेतच, साउंड सिस्टिमसमोर कापसाचे बोळे टिकत नाहीत. मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहावा, गर्दीत मोबाइलला रेंज नसते. दुपारी तीनला सगळं थांबतं, 72 सेकंद, ग्रेनफेल टॉवरच्या आगीत गेलेल्या 72 जणांसाठी. तेवढ्यात मुलांनी 'का थांबलं?' असं मोठ्याने विचारू नये म्हणून आधीच सांगून ठेवावं.

आता जरा बरं वाटतंय. काकांना उत्तर लिहिणार होते, नाही लिहिलं. एखादा त्रिनिदादी आमचं पथक ऐकून म्हणेल, 'हे तर आमचंच, फक्त जरा घाईत आहेत.' तेव्हा आमचा चेहरा बघण्यासारखा होईल. कदाचित दोघांनी एकमेकांच्या वस्तूंवर असा फुकटचा हक्क सांगत राहणं हेच त्यातल्या त्यात शेजारधर्माचं.

हक्क सांगायचाच तर मी डबल्सवर सांगेन, म्हणजे दोन मऊ पुऱ्यांवर छोले घातलेल्या त्रिनिदादी खाण्यावर. प्रिन्सेस टाउनला 1930 च्या दशकात दीन आडनावाच्या कुटुंबाने ते विकायला सुरुवात केली. मैदा 250 ग्रॅम, हळद अर्धा चमचा, जिरेपूड अर्धा चमचा, मीठ, यीस्ट एक चमचा, कोमट पाणी 200 मिलिलिटरपर्यंत. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. आपल्या सवयीने पुरीसारखं घट्ट मळलं की 'बारा' (डबल्सची पुरी) फुगून कुरकुरीत होतो आणि काम बिघडतं. तासभर झाकून ठेवायचं, पंधराएक गोळे करायचे, तेलाच्या हाताने थापायचे, लाटणं नको. कडक तेलात एका बाजूने दहा सेकंद, लगेच दुसऱ्या बाजूने, आणि बाहेर काढून कापडात गुंडाळून ठेवायचे, वाफेने मऊ पडतात. दोन बारांवर रात्रभर भिजवून शिजवलेल्या छोल्यांची पातळ करी, काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे कैरीच्या किसाचं मोहरीच्या तेलातलं लोणचं, आणि मिरचीचा सॉस.

गाडीवर विचारतात सॉस किती. पहिल्यांदा 'स्लाइट' सांगावं. कोल्हापूरच्या बढाया स्कॉच बॉनेट मिरचीपुढे चालत नाहीत.