नऊ फोटोंतला एक

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं, त्या महिन्याच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा दापोलीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्ह्यातले एक पुढारी पाहणीला आले. पुढाऱ्यांची पाहणी म्हणजे गाडीतून उतरायचं, हात जोडायचे, निघायचं. हे मात्र तिथल्या एका आजींच्या वाडीत, म्हणजे बागेत, आडव्या पडलेल्या पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) बसले आणि हिशोबच मांडायला लागले. फळबागेला सरकारने हेक्टरी 50 हजार जाहीर केले होते. आजींची वाडी पाच गुंठे. म्हणजे गुंठ्याला 500, सगळे मिळून अडीच हजार! पडलेली झाडं कापून बाहेर काढायलाही ते पुरणार नव्हते. कोकणात हेक्टर असतो कुणाकडे? भरपाई झाडामागे हवी, असं त्यांनी सोबतच्या अधिकाऱ्याला लिहून घ्यायला लावलं. (पुढे नारळाला 250, सुपारीला 50 रुपये असा दर निघालाही.)

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "साहेब, जपून बसा. त्या पोफळीचा पंचनामा झालाय. तुम्ही पडलात तर तलाठी परत यायचा नाही!"

सगळे हसले. पुढारी तर खदखदून. मी क्लिक केलं.

गावात वीज नव्हती, रेंज नव्हती. खेडला जाऊन बातमी आणि नऊ फोटो पाठवले. हसरा पाठवायची काही गरज नव्हती, पण फोटो झकास आला होता. मोह झाला. दुसऱ्या दिवशी तोच छापून आला, चार कॉलम, वर मथळा: 'वाडी भुईसपाट, नेते हसतमुख'. गुंठ्याचा हिशोब शेवटच्या परिच्छेदात दोन ओळी. डेस्कला फोन केला तर म्हणे, "अरे, बोलका फोटो आहे."

आठवड्याभरात एसटी स्टँडवरच्या टपरीवर त्यांचं नावच 'हसरे' पडलं. ते मी समजू शकतो. ती माणसं वाडीत नव्हती.

पण महिन्याभराने पुन्हा आजींकडे गेलो. पडवीत तो अंक घडी घालून ठेवलेला. "बघितलंस ना," आजी म्हणाल्या, "आमची वाडी पडली नि हा मेला हसतोय."

"आजी, तुम्हीच हसवलंत त्यांना. तो पंचनाम्याचा विनोद..."

"मी? मला कुठली मस्करी सुचत्ये तेव्हा!" त्यांनी अंक माझ्यापुढे धरला. "मग हे काय आहे?"

फोटोच्या डाव्या कडेला कापलेला हिरवा पदर दिसत होता. त्यांचाच.