पासवर्ड बदलल्यावर उरलेले काम

तुरीची खरेदी भरात असताना अकोल्याच्या एका डाळ मिलच्या मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, कंपनीचं बँक खातं बदलवलं का जी? मेलमध्ये दुसराच नंबर आला." दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा पत्रव्यवहार मी पाहतो आणि असा मेल आमच्यापैकी कोणीही पाठवलेला नव्हता. पैसे अजून सुटले नव्हते. पाठवणाऱ्याचे नाव खोटे दाखवून मेल करता येतो, हे खरे. पण हा मेल आमच्याच जुन्या बिलाच्या मेलला उत्तर म्हणून गेलेला होता, म्हणजे कोणीतरी कंपनीच्या मेल खात्यात शिरून आमचा व्यवहार वाचत होते.

अशा वेळी पासवर्ड बदलावा, हे सर्वांना ठाऊक असते. तो कोणत्या यंत्रावरून बदलावा, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कार्यालयातील संगणकावर येणारा-जाणारा पेन ड्राइव्ह लावतो, आणि त्यात टंकलेले टिपून घेणारा एखादा प्रोग्राम बसलेला असेल, तर नवा पासवर्डही चोराच्याच हाती पडेल. म्हणून मी तो स्वतःच्या मोबाइलवरून बदलला, आणि तोही इशाऱ्याच्या मेलमधील दुव्यावर न जाता थेट गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन.

खरी गोम पुढे सापडली. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टरची यादी असते; तिथे मिलकडून येणारा प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न दिसता थेट कचरापेटीत जावा, असा नियम कोणीतरी करून ठेवला होता. मिलने शंका विचारली असती, तरी ती आम्हाला दिसली नसती. शेजारच्याच फॉरवर्डिंगच्या पानावर एक अनोळखी पत्ता होता आणि आमच्या मेलची प्रत तिकडे जात होती. पासवर्ड बदलल्याने यातले काहीही पुसले जात नाही. चोराला पुन्हा आत यायची गरजच उरत नाही. दोन्ही गोष्टी काढण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट घेतले, कारण तक्रारीसाठी पुरावा तोच.

त्यानंतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागातील उपकरणांची यादी पाहिली. तिथे "मुंबई" दिसले की आमच्याकडची माणसे घाबरतात, पण मोबाइल इंटरनेटचा पत्ता अनेकदा कंपनीच्या दूरच्या केंद्राचा दिसतो आणि खेड्यात बसलेल्या माणसाचा फोनही मुंबईचा ठरतो. गावापेक्षा उपकरणाचे नाव आणि वेळ पाहावी. ओळखीची नसलेली उपकरणे साइन आउट केली आणि खात्याला जोडलेल्या बाहेरच्या ॲपचे परवानेही काढून टाकले.

रिकव्हरी क्रमांकाची, म्हणजे पासवर्ड हरवल्यास खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या फोन क्रमांकाची, गोष्ट मात्र खेड्यापाड्यांत सर्रास आढळते. खाते सेवा केंद्रावर काढले जाते आणि क्रमांक तिथल्याच चालकाचा पडतो. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण खात्याची एक चावी त्याच्याकडे राहते. आमचाही तसाच होता. तो आता संचालकांपैकी एकाचा केला. बदलानंतरही 7 दिवसांपर्यंत गूगल जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते, म्हणून ते दिवस लक्ष ठेवले.

द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करताना गूगल 8 अंकी 10 बॅकअप कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. लाइन गेली आणि टॉवरही बंद पडला, की ओटीपीचा एसएमएस येत नाही. त्यामुळे हे कोड छापून कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवले आहेत.

पैसे गेले असते, तर सर्वप्रथम सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन आणि बँकेला खबर दिली असती. आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 सी खाली 3 वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ज्यांच्याशी देणेघेणे चालते त्या सर्व व्यापाऱ्यांना त्याच दिवशी फोन केले, आणि बँक खाते बदलल्याचा कोणताही मेल आमच्या अध्यक्षांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय मानू नये, असे कळवले.