फळ्यावरची कोरी जागा

नववीत असताना एका ऑफ तासाला आमच्या इंग्रजीच्या बाई पुस्तक न घेताच वर्गात आल्या आणि त्यांनी फळ्यावर चौदा ओळी लिहिल्या. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचं सुनीत, म्हणजे सॉनेट. 'हाऊ डू आय लव्ह दी? लेट मी काउंट द वेज.' फळ्यावर 'लव्ह' बघून मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती मोजते म्हणतेय ना, मग तुम्हीही मोजा. 'लव्ह दी' किती वेळा आलंय?"

नऊ वेळा. पेन्सिलीने नऊ गोल केलेली ती वही माझ्याकडे अजून आहे.

"आता सांगा, पहिलं, दुसरं, तिसरं असं कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. मोजायला बसलेली ही बाई एकही आकडा उच्चारत नाही. दरवेळी 'आय लव्ह दी' म्हणून पुन्हा सुरुवात करते. "तुमची आजी माळ ओढते तेव्हा आकडे म्हणते की नाम?" बाईंनी विचारलं. पुनरावृत्ती हा अलंकार मला त्या क्षणी कळला. पुढे कॉलेजात त्याची व्याख्या पाठ केली, पण तिने त्यात काही भर घातली नाही.

'दी' म्हणजे आपलं 'तुला'. या कवयित्रीच्या काळी तो शब्द रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला होता. उरला होता प्रार्थनेत आणि कवितेत. "आपण विठोबाला अहो म्हणतो का?" एवढंच बाई म्हणाल्या.

मग मला उभं केलं. आत्मा जिथवर पोचतो तिथवरची खोली, रुंदी, उंची सांगणारी ओळ आधी 'अँड' गाळून वाचायला लावली. ती गणिताच्या पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीसारखी वाटली. नंतर जशी आहे तशी वाचली: 'डेप्थ अँड ब्रेड्थ अँड हाइट'. श्वास पुरेना. आणि 'हाइट'शी ओळ संपते, वाक्य मात्र संपत नाही, खालच्या ओळीत उतरतं. मापं ओळीत मावत नाहीत, हे तिने न सांगता दाखवलंय.

हे सगळं लिहिणारी एलिझाबेथ वर्षानुवर्षं आजारी, लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात एका खोलीत पडून असायची. १८४० मध्ये लाडका भाऊ बुडून गेला होता. वडिलांना मुलांची लग्नंच नको होती. जानेवारी १८४५ मध्ये कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं पहिलं पत्र आलं, आणि १२ सप्टेंबर १८४६ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिने त्याच्याशी गुपचूप लग्न केलं. वडिलांनी तिला कधीच क्षमा केली नाही. सुनीत मात्र लग्नाआधीचं. नवव्या-दहाव्या ओळीत ती म्हणते की जुन्या दुःखांत जो आवेग खर्च झाला, त्याच आवेगाने प्रेम करते. रडण्याची ताकद तिने प्रेमाकडे वळवली. मला ही सगळ्या कवितेतली सर्वांत धीट कल्पना वाटते. शेवटच्या यमकांत 'फेथ', 'ब्रेथ', 'डेथ' येतात. श्रद्धा, श्वास, मृत्यू. तिन्ही शब्द एकाच हलक्या 'थ'वर विरतात.

सुनीत मराठीत केशवसुतांनी आणलं, हेही त्याच तासाला कळलं.

बाई मराठीत अर्थ लिहीत गेल्या आणि पाचव्या-सहाव्या ओळीशी थांबल्या. आत्म्याच्या उंचीवरून कविता इथे एकदम घरात येते: रोजची 'मोस्ट क्वाएट नीड', उन्हात आणि मेणबत्तीच्या उजेडात. 'शांत गरज' कुणी तरी सुचवलं. 'मूक गरज' मी म्हटलं. बाईंनी मान हलवली आणि तिथे जागा कोरी सोडली. घंटा झाली.

बऱ्याच वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. दिवेलागणीला अण्णा तिच्या खोलीत जायचे, दिवा लावायचे, उशाचा तांब्या भरायचे, पांघरूण पायांवर ओढायचे. ती काही बोलायची नाही, तेही नाही. एका संध्याकाळी मी दारात उभी होते आणि मला ती ओळ आठवली. बाईंना फोन लावला. त्या बऱ्याच थकल्या होत्या, पण फळा त्यांना आठवत होता.

"बाई, 'न मागितलेली गरज' चालेल?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "वही आहे ना तुझ्याकडे? लिही त्यात."