केळीच्या बागेतलं भूछत्र

वहीतली जुनी नोंद अशी होती : टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस (एक चिमुकलं भूछत्र), सागाखाली, ओढ्याकाठच्या वारुळाजवळ, 21.21 उत्तर, 75.54 पूर्व. आकडे मोबाईलमध्ये टाकून निघालो आणि पोचलो यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेत. काळी माती, ठिबकच्या नळ्या. बागवाले म्हणाले, "अठी कुठचा साग, भाऊ?"

बांधावर बसून ते पान पुन्हा वाचलं. सातपुड्यातल्या तोरणमाळपासून पालपर्यंतच्या नोंदी, पण टिंबापुढे कुठेच 59 च्या वरचा आकडा नाही. म्हणजे हे दशांश नव्हतेच. अंश आणि मिनिटं (एका अंशाची 60) लिहून मधे नुसतं टिंब दिलेलं. 21 भागिले 60 म्हणजे 0.35, 54 भागिले 60 म्हणजे 0.90. खरी जागा 21.35, 75.90, रावेर तालुक्यातल्या पालजवळ. त्या टिंबानं जंगल 15 किलोमीटर दक्षिणेला आणि 37 किलोमीटर पश्चिमेला नेलं होतं!

दुपारी पाल गाठलं. अभयारण्यातून नमुना उचलायची परवानगी सोबत होती. नसती तर फोटो आणि मोजमापावरच भागवायचं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे 1.85 किलोमीटर, त्यामुळे आकड्यांनी जंगलापर्यंत आणलं, वारूळ सापडलं ते 'ओढ्याकाठ' या एका शब्दामुळे.

दोन हात जागेत शेकडो पांढरी भूछत्रं. टोपी शर्टाच्या बटणाएवढी, मधे बारीक टोक, कडा चिरलेल्या. खुरप्यानं माती सारली तर देठ चार सेंटिमीटरवरच संपला. वारुळावरच्या मोठ्या अळंबीचं लांब मूळ थेट वाळवीच्या घरात उतरतं. या छोटीला त्याची गरज नाही, कारण वाळवीच घरात वाढवलेल्या बुरशीच्या पोळ्याचे तुकडे वर आणून टाकते आणि त्यांवर ही उगवते.

सहा पावलांवर कुजक्या खोडाला तसलीच चिमुकली दुसरी, कोप्रिनेलस डिसेमिनेटस. टोपीवर उभ्या चुण्या, पण लांबून घेतलेल्या फोटोत दोन्ही एकच वाटतात. म्हणून टोप्या कापून, अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर टोपीच्या आतल्या पडद्यांची बाजू खाली करून, वाटीखाली झाकल्या. सकाळी पहिलीच्या बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी, दुसरीचा काळपट.

नमुने कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये त्यांना घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत लगदा होतो. 40 अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवले, मग सिलिका जेलसह डबीत.

जागेचा आकडा घेताना मोबाईल सागाच्या पानांखाली 22 मीटरचा फरक दाखवत होता. चार मिनिटं एका जागी धरला तेव्हा 6 वर आला. पाच दशांश स्थळांपर्यंतचे आकडे, तारीख, वेळ, शेवटचा मोठा पाऊस कधी पडला ते, आणि आकडा कुठल्या पद्धतीचा तेही लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही. शेजारी लाल शाईनं सुधारलेले आकडे आणि 'दोन-अडीच किलोमीटर इकडेतिकडे' असा शेरा टाकला. तोरणमाळची नोंदही तापीच्या मैदानात उतरली आहे. तिथं अजून जायचंय.