तीन की आठ

चतुर्थीला आठवडा राहिला होता. गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट उतरवायला घरातला भाचा माळ्यावर चढला आणि चौकटीच्या मागे सरकवून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याला 'गोमंतक'च्या पिवळ्या पडलेल्या पानांत गुंडाळलेलं, मुंबई पोलिसांत फौजदार असलेल्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर दिसलं. त्याने ते हातात घेतलं नाही. झाकण लावलं, खाली आला आणि ठाण्याला फोन केला. एवढी समज फार थोड्यांना असते, म्हणून आधी हेच लिहितो.

मी पोलिस खात्यात आर्मोरर होतो. हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची, नोंदी ठेवायच्या, हे २७ वर्षं केलं. मला निरोप आला तो असा: जुनं हत्यार आहे, जाम झालंय, रिकामंच आहे, उघडून देऊन जा. पणजीहून जीपने निघालो, मांडवीचा पूल ओलांडला आणि तासाभरात त्या घरी पोचलो. राजांगणात, म्हणजे घरातल्या मधल्या चौकात, तुळशीपाशी मेज मांडलं होतं. मेजावर वर्तमानपत्र, त्यावर रिव्हॉल्व्हर. आजूबाजूला दोन पंच, शेजारची चार माणसं, कडेवर मूल घेतलेली एक बाई. शिपाई पंचनाम्यात लिहीत होता, 'एक जुने गंजलेले रिव्हॉल्व्हर, रिकामे'.

"रिकामं कोणी बघितलं?" मी विचारलं.

"उघडतच नाही हो. इतक्या वर्षांचं आहे."

वेब्ली मार्क ४, थ्री-एट, म्हणजे पॉइंट ३८ चं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं. हे हत्यार मधून मोडतं: डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी खाली झुकते आणि सिलिंडरच्या मधला ताऱ्यासारखा तुकडा वर येऊन सहाही काडतुसं एकदम बाहेर ढकलतो. खटका गंजून बसला, तर आत काय आहे ते दिसत नाही असं लोकांना वाटतं. पण सिलिंडर आणि मागची फ्रेम यांच्यात एक बारीक फट असते. मी वाकून, नळीच्या रेषेतून बाजूला राहून, तिथे टॉर्च मारला. पितळेच्या कडा चमकल्या नाहीत, कळकलेल्या होत्या, पार हिरव्या. पण होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावं घर रिकामं, आणि ते बरोबर घोड्याखाली. जुने फौजदार असंच भरायचे. घोड्याखालचं घर रिकामं ठेवलं की चुकून धक्का लागला तरी बार उडत नाही.

सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. वाळूची बादली मागवली, नळीचं तोंड वाळूत रोखून ठेवलं आणि खटक्याच्या सांध्यात तेलाचे थेंब सोडत बसलो. पाऊण तास गेला. हातोडी, पक्कड काही लावलं नाही. जाम हत्याराला घाई चालत नाही. शेवटी अंगठ्याखाली खटका किंचित हलला, मग आणखी हलला, आणि नळी झुकली. चार काडतुसं निघाली. पाचवं कळंकाने असं धरून ठेवलं होतं की ते दुसऱ्या दिवशी शस्त्रागारात तेलात मुरवूनच काढावं लागलं. पण नळी मोडून झुकलेली असली की घोडा काडतुसापर्यंत पोचत नाही, तेव्हा धोका गेला होता. मी मोठ्याने हाक मारून सगळ्यांना आत बोलावलं.

काडतुसांच्या बुडावर के आणि एफ, मध्ये बाण. खडकीचा माल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पुण्यात तयार झालेलं काडतूस मुंबईला जाऊन पुढे गोव्यातल्या माळ्यावर येऊन पडलं होतं. फ्रेमवर इंग्रजीत 'वॉर फिनिश' असा ठसा होता. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याला पॉलिश करायला सवड नव्हती, तेव्हा खडबडीत हत्यारांवर हा ठसा मारत, म्हणजे घेणाऱ्याला कळावं की हा ओबडधोबडपणा युद्धामुळे आहे. कारखान्याचा हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडतो.

भाचा जहाजावर नोकरीला, जग बघितलेला. त्याने मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत लोक पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं हौसेने जमवतात. खरं आहे ते. तिथल्या पोलिसांनी १९८० आणि ९०च्या दशकांत रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतली, तेव्हा स्मिथ अँड वेसनची मॉडेल १० घाऊक विकली गेली. ती घेणारा जाणकार आधी दोन गोष्टी बघतो. नळीच्या टोकाचा काळा रंग म्यानात आतबाहेर करून झिजलेला असतो, पण आतले आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खोबणी, धारदार असतात. पोलिसाचं हत्यार कमरेला वर्षानुवर्षं हिंडतं आणि फार थोडं चालतं. मी टॉर्च लावून या वेब्लीत बघितलं. अगदी तसंच. टोक पांढरं पडलेलं, आत आटे नव्यासारखे.

"मग मी हे संग्रही ठेवू शकेन?" त्याने विचारलं.

नाही. थ्री-एट आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप. म्हणून तर आपल्या सरकारी कारखान्याचं नागरिकांसाठीचं रिव्हॉल्व्हर पॉइंट ३२ चं आहे, आणि ते याच वेब्लीच्या घडणीवर बेतलेलं आहे. परवानाधारक गेला की हत्यार जमा करायचं असतं. इथे तेवढंच राहून गेलं होतं. मी हे सांगताना त्याच्या आत्याबाई, ऐंशीच्या घरातल्या, खांबाला टेकून ऐकत होत्या. फौजदाराची लेक. वडील मुंबई पोलिसांत होते, हे हत्यार त्यांनी स्वतःच्या पगारातून परवान्यावर घेतलं आणि १९६४ साली निवृत्त होऊन गावी आले, हे त्यांनीच सांगितलं. परवान्याचं पुस्तकही ट्रंकेत होतं. शेवटचं नूतनीकरण १९८१ चं.

खरी अडचण त्या पुस्तकातच निघाली. पुस्तकात नंबराचा शेवटचा आकडा ८, फ्रेमवर ३. शिपायाने ३ वाचला, मीही ३ च वाचला. म्हणजे कागदावर हे वेगळंच हत्यार, विनापरवाना. गेलेल्या माणसावर ठपका. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी भाच्याचा दंड धरला.

मला ते पटेना. इतक्या शिस्तीने घोड्याखालचं घर रिकामं ठेवणारा माणूस बेनंबरी हत्यार बाळगेल? अशा वेळी लोखंडी ब्रश मारला की उरलेला आकडाही जातो. मी कापूस तेलात भिजवून त्या जागी दाबून ठेवला आणि दहा मिनिटांनी टूथपिकने दाण्यादाण्याने गंज उकरला. मग वहीचं पातळ पान वर ताणून धरलं आणि शिसपेन्सिल आडवी घासली. काळ्या पट्टीत आकडे पांढरे उमटत गेले. शेवटचा आकडा डावीकडे फिकट, पण बंद होता. हाताने मारलेला ठसा थोडा कलला होता, डावी बाजू उथळ बसली होती आणि तिथेच गंज भरला होता. इंग्रजी ८. शिपायाला दाखवला, दोन्ही पंचांना दाखवला. पंचनाम्यातली दोन्ही वाक्यं खोडून नव्याने लिहिली, खाडाखोडीवर सह्या घेतल्या: 'पाच जिवंत काडतुसांसह', आणि खरा नंबर.

असे ठसे मी नोकरीत लागल्यापासून उतरवून ठेवतो. जमा झालेली हत्यारं पुढे नष्ट होतात. भट्टीत गेल्यावर 'वॉर फिनिश' काय आणि मुठीवरचा बट नंबर काय, सगळं एकच लोखंड. त्या वहीत आज दोनशेवर पानं आहेत. माझा संग्रह म्हणाल तर तोच.

निघताना आत्याबाईंनी रिकाम्या म्यानाकडे बोट दाखवलं. "हे तरी ठेवू?"

चामड्याला परवाना लागत नाही, ठेवा म्हटलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि मला थांबवलं. "तो पेन्सिलचा कागद आणखी एक करून द्याल? एक याला जहाजावर न्यायला."

मी पुन्हा मेजापाशी बसलो.