टोकियोत सायकलसकट राहायला जाणाऱ्यांसाठी, आणि मग शिमानामी काइदो

कामानिमित्त टोकियोला शिफ्ट व्हायचं ठरलं तेव्हा डोक्यात फक्त रस्ते होते, कुठे चालवायची, चढ किती, ट्रॅफिक कसा वगैरे. आणि नेमका तोच भाग सगळ्यात सोपा निघाला. गाड्या डावीकडूनच चालतात, हॉर्न जवळपास ऐकूच येत नाही, खड्डा शोधून सापडत नाही. वेळ गेला तो सायकल ठेवायला, नोंदवायला आणि ट्रेनने न्यायला पिशवीत भरायला शिकण्यात. त्यामुळे आधी तेच लिहितो, शिमानामी काइदो या बेटांवरून पुलांनी जाणाऱ्या सायकलमार्गाच्या राइडचं नंतर.

सायकल घेतली की दुकानातच बोहान तोरोकु करून घ्या, म्हणजे चोरीविरोधी नोंदणी, टोकियोत ६६० येन, फ्रेमवर एक छोटा स्टिकर लागतो. ऐच्छिक नाहीये, कायद्यात आहे. रात्री लाइट न लावता दिसलात की पोलीस हमखास थांबवतात, कधीकधी लाइट असला तरी थांबवतात, परदेशी चेहऱ्याला जरा जास्तच, पण बोलतात एकदम नम्रपणे. रेसिडेन्स कार्ड दाखवायचं, स्टिकरचा नंबर वायरलेसवर सांगतात, नाव जुळलं की झालं. सेकंडहँड घेत असाल तर आधीच्या मालकाला त्याची नोंदणी रद्द करायला लावा आणि सायकल तुम्हाला दिली असं लिहून सही घ्या, नाहीतर कागदोपत्री तुम्ही दुसऱ्याच्याच सायकलवर फिरताय. विमानातून स्वतःची आणणाऱ्यांनी खरेदीचं बिल जपून आणा.

मग विमा. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलस्वाराला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. हे मला आधी अति वाटलं होतं, सायकलला कसला विमा, पण मग कोबेच्या कोर्टाचा २०१३ चा निकाल कळला, शाळकरी मुलाने सायकलने एका बाईंना धडक दिली, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. त्यानंतर ह्योगो प्रीफेक्चरने (कोबेचा प्रांत) २०१५ मध्ये देशात पहिल्यांदा विमा सक्तीचा केला आणि मग बाकीचे मागोमाग. विमा ऑनलाइन मिळतो, महिन्याला अगदी किरकोळ पैसे, पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

पार्किंग हा खरा डोक्याला ताप. स्टेशनबाहेर शंभर मामाचारी (पुढे बास्केटवाल्या घरगुती सायकली) उभ्या दिसतात म्हणून आपलीही लावावी असं वाटतं, लावू नका. ट्रक येतो, उचलून नेतो, आणि मग लांबच्या कुठल्यातरी डेपोत जाऊन काही हजार येन भरून सोडवायची. पैसे देऊन ठेवायचे स्टँड बहुतेक स्टेशनांजवळ असतात, पहिले एकदोन तास बऱ्याचदा फुकट, पण मासिक पास हवा असेल तर वेटिंग लिस्ट. घर बघताना एजंटला आधीच विचारा की बिल्डिंगमध्ये सायकल स्टँड आहे का आणि जागा रिकामी आहे का, कारण तिथेही बिल्डिंगचा वेगळा स्टिकर लागतो. रोड बाइक खोलीत ठेवायची असेल तर तेही विचारून ठेवा, पहिल्या दिवशी चाकाचा डाग भिंतीला लागला की डिपॉझिटमधून कापणारच.

नियम थोडक्यात. सायकल म्हणजे वाहन, त्यामुळे रस्त्याच्या डाव्या कडेने. फूटपाथवर सगळे बिनधास्त चालवताना दिसतील, पण सायकलला परवानगी देणारा निळा बोर्ड नसेल तर एरवी परवानगी फक्त १३ वर्षांखालच्या आणि ७० च्या वरच्यांना. उजवीकडे वळताना गाड्यांसारखं मधल्या लेनमध्ये घुसायचं नाही, सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, थांबायचं, सिग्नल बदलला की मग पुढे. उलटा लाल त्रिकोण म्हणजे पूर्ण थांबा, पाय टेकवून. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षांपुढच्या सायकलस्वारांना गाड्यांसारखंच जागेवर चलन आहे: हातात फोन १२ हजार येन, सिग्नल तोडला किंवा उलट दिशेने आलात तर ६ हजार, छत्री धरून चालवली तर ५ हजार, मित्राच्या शेजारून गप्पा मारत चाललात तरी ३ हजार. हेल्मेट २०२३ पासून 'प्रयत्न करा' अशा पातळीवर आहे, दंड नाही, पण घाला.

रोजच्या चालवण्यासाठी नदीकाठ. तामागावाला दृश्य छान पण वीकेंडला माणसं, कुत्री, बेसबॉलची पोरं, तिथे वेग विसरा. मला आराकावा आवडते, रुंद आणि लांबलचक, फक्त हिवाळ्यात वायव्येचा वारा असा येतो की जाताना जीव जातो आणि येताना आपण फार भारी सायकलिस्ट आहोत असं वाटतं. चढ हवे असतील तर ताकाओच्या पुढे ओतारुमीचा घाट, किंवा हादानोजवळचा याबित्सु पास (हाही घाटच), ७६१ मीटर, साधारण बारा किमी चढ, टोकियोच्या प्रत्येक रोड बाइकवाल्याचा टाइम तिथे मोजला जातो. सीझन म्हणाल तर हिवाळाच बेस्ट, कोरडा आणि ऊन. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, त्यानंतर भयानक दमट गरमी, पण जूनमध्ये साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो, म्हणजे ऑफिसआधी तीन तास सहज मिळतात.

आता पिशवी. लोकलला किंवा शिंकान्सेनला (बुलेट ट्रेन) सायकल तशीच चढवता येत नाही, चाकं काढून रिंको बॅगेत भरावी लागते आणि हँडल, सीट, काहीही बाहेर डोकावता कामा नये. वेगळं तिकीट नाही, हे फार मोठं सुख आहे. घरी जमिनीवर चादर पसरून इतकी प्रॅक्टिस करा की डोळे मिटून जमेल, कारण स्टेशनवर घाम गाळत चेन काढताना लोक काही बोलत नाहीत पण तुम्हालाच कानकोंडं होतं. भिंतीकडेचा कोपरा धरा, गेटसमोर नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाचवायला धातूचा छोटा स्टँड मिळतो, तो घ्याच. लोकलमध्ये अगदी पहिला किंवा शेवटचा डबा, आणि सकाळच्या गर्दीत अजिबात नाही. शिंकान्सेनचं बुकिंग करताना शेवटच्या रांगेतली, मागे मोठ्या सामानाला जागा असलेली सीट निवडा.

हे जमलं की शिमानामी. टोकियोहून फुकुयामाला थांबणारी नोझोमी शिंकान्सेन, साडेतीन तासांच्या आसपास, मग वीसेक मिनिटं लोकलने ओनोमिची. तिथून इमाबारीपर्यंत साधारण ७० किमी, सहा बेटं, मधे समुद्रावरचे पूल. ओनोमिचीतून पहिल्या बेटावर पुलाने जाऊ नका, तो अरुंद आहे, पाच मिनिटांची फेरीबोट घ्या, सुटे पैसे ठेवा. पुढे रस्त्यावर निळी रेघ आणि उरलेले किलोमीटर लिहिलेले, हरवायला जागाच नाही. पुलांवर जायला सायकलींचा वेगळा रॅम्प, चढ तीन टक्क्यांच्या आसपास, नवशिक्यालाही झेपतो. इन्नोशिमाच्या पुलावर तर आपण हायवेच्या खालच्या मजल्यावरून जातो, डोक्यावर गाड्यांचा धडधडाट. तातारा पूल १४८० मीटर, त्याच्या टॉवरखाली टाळी वाजवा, आवाज थरथरत वर चढत जातो, मोठी माणसंपण लहान मुलांसारखी टाळ्या वाजवत उभी असतात. शेवटचा कुरुशिमा काइक्यो, तीन झुलते पूल सलग, चारेक किमी, तिथे मात्र सूर्य कलल्यावर पोचा. पाय उरले असतील तर त्याच्या अलीकडच्या ओशिमा बेटावर किरोसान डोंगर चढा, उंची ३०७ मीटरच, पण चढ उभा आहे, सत्तर किमीच्या राइडमध्ये खरी शिव्या घालायची जागा तेवढीच.

एका दिवसात होतं, पण करू नका. इकुचिजिमावर सेतोदाला मुक्काम टाका, लिंबांचं बेट आहे, आणि मोठी बॅग कुरिअरने आधीच हॉटेलला पाठवून द्या, जपानमध्ये ही सोय झकास आहे. स्वतःची सायकल नको असेल तर भाड्याची एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडता येते, वीकेंडला बुकिंग करून जा.

खाण्याचं कोम्बिनीवर (कन्व्हीनियन्स स्टोअर) भागतं, टॉयलेट आणि एटीएमही तिथेच. शाकाहारी असाल तर उमे (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबूचा (समुद्री शेवाळ) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, बघा, पण मागचं लेबल फोनने ट्रान्सलेट करून वाचा, माशाचा अर्क कुठेही असतो. बेटांवर संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, त्यामुळे खिशात काहीतरी असू द्या. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, रिकामी पाकिटं जर्सीच्या खिशात.

परतताना इमाबारीहून शिओकाझे एक्सप्रेसने ओकायामा, दोन तास, तिथून शिंकान्सेन. स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, दमलेल्या हातांनी मागचं चाक काढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.